दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरच्या फॉर्च्युना ग्लेशियरला, म्हणजे हिमनदीला, हे नाव कोणी दिलं? अंटार्क्टिकात मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनने का?

नाही, शॅकल्टनने नाही दिलं. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून पुढे जावं. बाकीच्यांनी बसा निवांत, कारण या एका प्रश्नावरून माझं डोकं बरीच वर्षं तापलेलं आहे.

तुम्ही लिहिलंय की एका ट्रॅव्हल ग्रुपवर वाचलं, १९१६ साली शॅकल्टन आणि त्याचे दोन साथीदार त्या बर्फातून जिवंत बाहेर पडले म्हणून त्यांनी त्या हिमनदीला नशिबाच्या रोमन देवीचं नाव दिलं. आणि पुढे विचारलंय की जिथे कोणी कायमचं राहतच नाही तिथे नावं ठरवतं कोण. ती पोस्ट कोणाची असणार याचा मला चांगलाच अंदाज आहे. त्यावर येतोच.

फॉर्च्युना ही बोट होती. व्हेल मारायची, वाफेवर चालणारी, पुढच्या टोकाला तोफ बसवलेली छोटी बोट, नॉर्वेत सांडेफ्योर्डला बांधलेली. कार्ल आंतोन लार्सेन नावाचा नॉर्वेजियन कप्तान होता, त्याचं 'अंटार्क्टिक' नावाचं जहाज १९०३ साली बर्फात चेपून बुडालं, माणसांना अर्जेंटिनाच्या नौदलाने सोडवून ब्वेनोस आयर्सला आणलं, तिथे मोठं स्वागत, जेवणावळी, आणि हा गडी त्या जेवणावळीतच तिथल्या पैसेवाल्यांना म्हणाला की तुमच्या दारात एवढे व्हेल पोहतायत, ते तुम्ही का पकडत नाही. जहाज बुडालेला माणूस पुढच्याच वर्षी नवीन कंपनी घेऊन उभा. १६ नोव्हेंबर १९०४ ला तो साउथ जॉर्जियात ग्रिटविकेन नावाच्या जागी पोचला, तीन बोटी घेऊन, लुईस, रोल्फ आणि फॉर्च्युना. त्यातली व्हेल मारणारी ती फॉर्च्युना. बाकीच्या दोन सामान वाहणाऱ्या.

आता व्हेलवाले लोक काय करतात, खाडीत शिरतात, खडक कुठे आहे बघतात, वारा कुठून येतो बघतात, आणि परत आल्यावर दुसऱ्याला सांगायला काहीतरी नाव लागतं, तर बोटीचंच नाव चिकटतं. फॉर्च्युना बे अशी पडली. तिथून थोडं पश्चिमेला रोझिटा हार्बर आहे, तेही रोझिटा नावाच्या व्हेलबोटीवरून. आणि फॉर्च्युना बेच्या पश्चिमेला जी मोठी हिमनदी आहे तिचं नाव फॉर्च्युना ग्लेशियर, ते १९१२ च्या आसपास वापरात आलं. १९१२! शॅकल्टन तिथून चालत गेला १९१६ च्या मे महिन्यात. गणित येत असेल तर विषय इथेच संपतो.

पण काही लोकांना गणिताने समाधान होत नाही म्हणून दुसरा पुरावा देतो, तो खुद्द शॅकल्टनचाच आहे. जहाज बर्फात बुडाल्यावर मदत आणायला तो, फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन बेटाच्या दक्षिणेकडच्या किंग हाकोन बेवरून १९ मेला पहाटे तीनच्या सुमारास निघाले, बुटांच्या तळव्यात बोटीचे काढलेले स्क्रू ठोकलेले, पन्नास फूट दोर आणि बर्फाच्या कुऱ्हाडीच्या जागी सुताराचं तासायचं हत्यार. बेटाच्या आतल्या भागाचा नकाशाच नव्हता, किनारा तेवढा काढलेला, मध्ये कोरा कागद. रात्रभर चालून खाली एक उपसागर दिसला, यांना वाटलं आलं स्ट्रॉमनेस, पलीकडचं व्हेलवाल्यांचं ठाणं, खूश होऊन उतरायला लागले, आणि थोड्या वेळाने पायाखाली भेगा. तेव्हा शॅकल्टनच्या लक्षात आलं की स्ट्रॉमनेसला तर हिमनदीच नाही, म्हणजे आपण फॉर्च्युना ग्लेशियरवर आहोत, चला मागे. हे त्याने स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय. म्हणजे त्या नावामुळे त्याला आपण चुकलोय हे कळलं. ज्याचं नाव अजून ठेवलंच नाही त्याच्यावरून रस्ता ओळखता येतो का हो? त्याला ते नाव आधीच माहीत होतं कारण १९१४ च्या नोव्हेंबरात एन्ड्युरन्स जहाज घेऊन तो ग्रिटविकेनला महिनाभर थांबला होता आणि व्हेलवाल्यांकडूनच सगळी माहिती घेत होता.

आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं, ती फॉर्च्युना बोट त्याच मे १९१६ मध्ये, शॅकल्टन तिच्या नावाच्या बर्फावरून चालत गेला त्याच्या काही दिवस आधी, ग्रिटविकेनजवळ होप पॉइंटला खडकावर चढून फुटली. सुकाणूवरचा माणूस घरून आलेलं पत्र वाचत होता असं सांगतात. मी शिपवर काम केलेलं आहे, मला हे अजिबात अशक्य वाटत नाही. घरचा मेसेज आला की माणूस कामातून जातो.

आता माझं. मी मूळचा चिपळूणकडचा, हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि एका एक्सपिडिशन शिपवर हाउसकीपिंगला लागलो. शिपचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच नको. सीझनमध्ये फॉकलंड, साउथ जॉर्जिया, अंटार्क्टिका असा रूट. क्रूमध्ये फिलिपिनो जास्त, आम्ही इंडियन थोडे, त्यात एक गोव्याचा शेफ आणि मी, दोघंच मराठी-कोकणी बोलणारे. माझी ड्यूटी केबिन आणि त्याशिवाय मडरूम. मडरूम म्हणजे गेस्ट बोटीत बसायच्या आधी आणि आल्यावर जिथे बूट घालतात-काढतात ती खोली. ऐकायला सोपं वाटतं. साउथ जॉर्जियाच्या आधी तिथे युद्धपातळीवर काम चालतं, प्रत्येकाचे जॅकेट, बॅग, ट्रायपॉड, सगळं तपासायचं, व्हेल्क्रोमध्ये अडकलेलं गवताचं बी चिमट्याने उपटून काढायचं, खिशाच्या शिवणीत व्हॅक्यूम घालायचा, बुटाच्या तळव्यातल्या खाचा पिनेने टोकरायच्या. तिथलं सरकारी माणूस शिपवर येऊन तपासतं आणि एखाद्याच्या मोज्यात काही सापडलं तर सगळ्या शिपचं लँडिंग लांबू शकतं. परत येतात तेव्हा तर पँटला ती अकाएना नावाच्या झुडपाची कुसळं, गोल, लालसर, हातमोज्यातून टोचतात, एकेक काढायचं. पेंग्विनची घाण वेगळी. तिचा वास सांगून कळणार नाही.

एका ट्रिपला पुण्याचे एक काका-काकू गेस्ट म्हणून आले. तिकडे मराठी माणूस गेस्ट म्हणून दिसणं म्हणजे, तुम्हीच विचार करा. मी मडरूममध्ये काकूंचे बूट घालून देत होतो आणि शेफला कोकणीत काहीतरी ओरडलो, तर काकू एकदम "अगो बाई, आपला आहे की हा!" मला इतकं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची शेंगदाण्याची चटणी आणून दिली पुडीत बांधून, मी आणि शेफने ती ब्रेडला लावून खाल्ली. काकू माणूस म्हणून सोनं. काकांचं तसं नव्हतं. रिटायर्ड इंजिनियर, सगळं वाचून आलेले, आणि वाचलेलं सगळ्यांना ऐकवणारे.

फॉर्च्युना बेच्या लँडिंगच्या आदल्या संध्याकाळी लाउंजमध्ये काका दोन-तीन गोऱ्या गेस्टना आणि एका गुजराती कपलला ही देवीची गोष्ट सांगत होते, शॅकल्टन गुडघ्यावर बसला वगैरे, कुठून आणलं देव जाणे. मी कप उचलत होतो. काकांनी मलाच हाक मारली, "काय रे, बरोबर ना?" आता मी "हो काका" म्हणून निघून जायला हवं होतं, ट्रेनिंगमध्ये तेच शिकवतात. पण मी त्या सीझनला शिपच्या लायब्ररीतलं शॅकल्टनचं पुस्तक वाचून काढलं होतं, ऑफ ड्यूटीला दुसरं करणार काय, वायफायला पैसे पडायचे. मी म्हटलं, काका, ते बोटीचं नाव आहे, शॅकल्टनच्या आधीपासूनचं. मराठीतच म्हटलं, हळू म्हटलं. काकांचा चेहरा बदलला. म्हणाले, "बाळा, तू बेड घालायचं बघ." आणि मग इंग्लिशमध्ये त्या बाकीच्यांना काहीतरी, ते हसले. काकू खाली बघत होत्या.

रात्री सुपरवायझरने बोलावून सांगितलं की गेस्टला करेक्ट करायचं नाही. कोणी तक्रार केली ते विचारायची गरज नव्हती.

मला राग बेड घालायचा आला नाही. बेड मी उत्तम घालतो. राग याचा आला की त्या हिमनदीचं नाव ज्यांच्यामुळे पडलं ते सगळे माझ्यासारखेच होते. व्हेलची चरबी सोलणारे, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, सहा-सहा महिने घरापासून लांब, पत्राची वाट बघणारे. त्यांनी कुठल्या समितीला अर्ज केला नाही, समारंभ केला नाही. बोटीचं नाव तोंडात बसलं आणि राहिलं. आणि शंभर वर्षांनी एक माणूस गरम कॉफी पिऊन ते श्रेय नाइटहुड मिळालेल्या सरांना देऊन टाकतो! शॅकल्टन मोठाच माणूस, त्यात वाद नाही, पण जे त्याने केलं नाही ते कशाला त्याच्या नावावर चढवायचं.

दुसऱ्या दिवशी गेस्ट परत आल्यावर आम्हा क्रूला थोडा वेळ किनाऱ्यावर सोडलं. फॉर्च्युना बेच्या आत शिरलात की समोर मोठं सपाट मैदान आहे, गोट्यांचं, पाण्याचे फाटे पसरलेले, किंग पेंग्विन उभे, आणि मागे एक हिमनदी दिसते. सगळे तिचाच फोटो काढतात. ती फॉर्च्युना ग्लेशियर नाहीच! ती कोनिग ग्लेशियर, फेलिक्स कोनिग नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाची, फिल्शनरच्या जर्मन मोहिमेने १९११-१२ मध्ये ठेवलेलं नाव. फॉर्च्युनाचं मुख्य तोंड पश्चिमेला केप बेस्टच्या बाजूला समुद्रात उतरतं, तिची एक शाखा तेवढी या खाडीच्या दिशेने येते. काकांच्या पोस्टमध्ये जो फोटो आहे, "हीच ती भाग्यदेवता", तो कोनिगचा आहे. म्हणजे गोष्टही चुकीची आणि हिमनदीही भलतीच. तुमच्या प्रश्नाला जोडलेला फोटोही तोच दिसतोय म्हणून म्हटलं की पोस्ट कोणाची ते कळलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नावं ठरवतं कोण. थोडक्यात सांगायचं तर जो नकाशा काढतो तो. आमच्याकडे पुलाला आमदाराच्या वडिलांचं नाव लागतं तसंच तिकडेही आपापल्या गुरूंची, साहेबांची आणि पैसे देणाऱ्यांची नावं लागलीत. १८८२-८३ ला जर्मन लोक रॉयल बेला वर्षभर राहिले, त्यांच्यामुळे रॉस ग्लेशियर, वेडेल ग्लेशियर ही नावं आली, निदान हे दोघे त्या थंड समुद्रात फिरलेले तरी होते. मग १९०१-०४ ची स्वीडिश मोहीम, तीच ज्यांचं जहाज बुडालं, त्यांनी नॉयमायर, लायल, गीकी अशी नावं ठेवली. लायल हा भूगर्भवाला १८७५ लाच वारला होता, आयुष्यात त्या बेटावर गेला नाही. नॉयमायर हॅम्बुर्गला बसून मोहिमा काढा म्हणून सगळ्यांच्या मागे लागायचा, स्वतः कधी तिकडे गेला नाही. १९२७-२८ ला नॉर्वेचा होल्टेडाल आला, भूगर्भवाला, त्याने एस्मार्क, काइलहाउ अशी आपल्या देशाच्या जुन्या भूगर्भवाल्यांची रांग लावली. मग १९५१ ते ५७ डंकन कार्सने सगळं बेट पायी फिरून मोजलं आणि नकाशातला तो मधला कोरा भाग भरला, आणि तिकडची नावं ठरवणाऱ्या लंडनच्या समितीने, जी १९४५ पासून आहे, त्यावर नावं टाकली.

त्यातलं एक नाव मला पटतं, क्रीन ग्लेशियर. टॉम क्रीन आयर्लंडच्या ॲनास्कॉल गावचा, शेतकऱ्याचा पोरगा, नेव्हीत साधा खलाशी म्हणून भरती झालेला. त्या रात्री तिघं फॉर्च्युनाच्या आधी जो बर्फ उतरले तो आता त्याच्या नावाने आहे. पण तो वारला १९३८ ला, गावात पब चालवत होता, आणि नाव पडलं कार्सच्या सर्व्हेनंतर. त्याला कळलंच नाही. हे असंच असतं, सरांची नावं जिवंतपणी लागतात आणि खलाशाची मेल्यावर.

हां, आणि "नशीबवान हिमनदी" हा जो दुसरा मुद्दा त्या पोस्टमध्ये आहे त्याबद्दल. एप्रिल १९८२, फॉकलंडच्या लढाईत ब्रिटिशांचे एसएएसचे कमांडो याच फॉर्च्युना ग्लेशियरवर हेलिकॉप्टरने उतरले, अर्जेंटिनाच्या ताब्यातल्या लीथ हार्बरवर नजर ठेवायला. माहीतगार लोकांनी आधीच सांगितलं होतं की जाऊ नका. रात्रभर वादळाने तंबू फाडले, सकाळी सोडवा म्हणून निरोप, सोडवायला गेलेल्या हेलिकॉप्टरपैकी दोन तिथेच आपटली, शेवटी तिसऱ्याने परत जाऊन सगळ्यांना कोंबून आणलं. कोणी मेलं नाही हे नशीब म्हणायचं तर म्हणा. मी त्याला पायलट चांगला होता म्हणेन.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या इथे. अमुक माणसाने अमुक तारखेला "मी हिचं नाव फॉर्च्युना ठेवतो" असं लिहिलेला कागद नाही. खाडीचं नाव बोटीवरून पडलं हे पक्कं आहे, हिमनदीचंही त्याच बोटीवरून पडलं हे संदर्भग्रंथ "बहुधा" म्हणून देतात. शेजारची खाडी त्या नावाची असताना दुसरं काय असणार, पण "बहुधा" आहे ते आहे. शॅकल्टनने दिलेलं नाही याला मात्र बहुधा-बिहुधा काही नाही. दुसरं, व्हेलवाल्यांचं मी एवढं कौतुक केलं पण त्यांनी १९०४ पासून साठ वर्षांत तिथे पावणेदोन लाख व्हेल मारले, हेही खरं आहे, त्यामुळे त्यांचे पुतळे उभारा असं मी म्हणत नाही. तिसरं, अर्जेंटिना या बेटावर अजून दावा सांगतं, त्यांच्या नकाशात बरीच नावं वेगळी आहेत.

आणि हिमनद्या मागे चालल्यात हे तर तुम्हाला माहीतच असेल. किनाऱ्यावरच्या १०३ हिमनद्या तपासल्या त्यातल्या ९७ टक्के मागे सरकलेल्या निघाल्या, नॉयमायर तर कित्येक किलोमीटर. याचा आमच्या मडरूमशी संबंध आहे, लोकांना वाटतं आम्ही उगाच छळतो. सील मारणाऱ्यांच्या बोटीतून तिथे उंदीर आले होते, पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करायचे, पण हिमनद्या मध्ये असल्यामुळे एका भागातले उंदीर दुसऱ्या भागात जाऊ शकत नव्हते. बर्फ मागे गेला की वाट मोकळी होणार, म्हणून २०११ ते २०१५ मध्ये बेटाचे भाग करून एकेका भागात हेलिकॉप्टरने विषारी गोळ्या टाकल्या आणि २०१८ ला बेट उंदीरमुक्त जाहीर केलं. एवढं करून कोणाच्या बॅगेतून परत काही गेलं तर? म्हणून ती पिन आणि तो चिमटा.

तर तुम्ही हे कुठल्या प्रोजेक्टसाठी किंवा ब्लॉगसाठी विचारत असाल तर एवढं लिहा: लार्सेनच्या फॉर्च्युना या व्हेलबोटीवरून, १९१२ च्या सुमारास, शॅकल्टनच्या आधी. फोटो बदला, तो कोनिगचा आहे. कोणी सीनियर माणूस देवीची गोष्ट सांगायला लागला तर त्याला फक्त विचारा की मग शॅकल्टनला त्या रात्री ती फॉर्च्युना आहे हे कळलं कसं. उत्तर येत नाही, मी त्या पोस्टखाली हेच विचारलं होतं. कॉमेंट डिलीट झाली आणि मला ग्रुपमधून काढलं. काकूंनी मात्र त्यावर लाइक केलं होतं, काढायच्या आधी मी बघितलं.